दुसऱ्या नावापुढचा बदाम

बटण दाबताना माझ्या मावशीचा उजवा खांदा साधारण एक सेंटिमीटर वर उचलला जातो.

तिला स्वतःला ते कळत नाही. गेली तीस वर्षं ती कानाच्या दवाखान्यात लोकांची ऐकण्याची तपासणी करते. पेशंट काचेपलीकडे, आवाजबंद खोलीत, हेडफोन लावून बसतो. अलीकडून मावशी बटण दाबून एक बारीक ‘टूं’ सोडते. ऐकू आलं की पेशंटने त्याच्या हातातलं बटण दाबायचं. मग मावशीसमोर दिवा लागतो.

खांद्याचं आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

आणि हेही सांगते, की यातलं काहीच ऐकीव नाही. रविवार होता. दुपारचे साडेतीन. खोलीत लख्ख ऊन. मी तिथे होते.

तुम्हाला नाही पटलं तर मला राग नाही. मी शाळेत विज्ञान शिकवते. मलाही अजून पटवून घेता आलेलं नाही.

काकांना, म्हणजे मावशीच्या यजमानांना, जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. काका लिफ्ट दुरुस्त करायचे. त्या दिवशी ते लिफ्टच्या खाली, खड्ड्यात उतरून काम करत होते. वरून जोडीदार ओरडला, "बाहेर या, खाली येतेय!"

तो तीनदा ओरडला.

काका बाहेर आले नाहीत.

दोघांना गाण्यांचं भारी वेड. संध्याकाळी जेवणं आटपली की मावशी गाणी लावायची आणि काका समोरच्या वेताच्या खुर्चीत बसून तिच्याकडे बघत मान डोलवायचे. ज्या ॲपवर ते ऐकायचे ते बंद पडलं. नवीन कुठलं घ्यायचं ते ठरवायला मावशीने मला बोलावलं होतं. त्यातल्या एका ॲपचा फुकटचा महिना तिने सुरू केला होता. तो त्याच दिवशी सहा वाजता संपत होता.

"ह्यात जुनी गाणी जास्त आहेत," मी म्हटलं. "त्यात मध्ये मध्ये जाहिराती. आणि तू घेतलंयस त्यात आवाज सगळ्यात स्वच्छ."

"स्वच्छ म्हणजे किती? आकडा सांग."

"मावशी, गाणी ऐकायचीत. कान नाही तपासायचे."

"तुमच्या पिढीला मोजायचा कंटाळा," ती म्हणाली. बऱ्याच दिवसांनी हसली.

ॲप ठरलं. गाडी अडली ती पुढे. प्लॅन दोन होते. एकासाठी, किंवा दोघांसाठी.

"एकाचा घेतला तर ह्यांचं नाव जाईल?"

"नाव जाईल. दोघांची यादीही जाईल."

"मग दोघांचा राहू दे."

"मावशी, अगं..."

"ते ऐकतात गं."

मला वाटलं, माणसं म्हणतात तसं म्हणतेय. तिने फोन माझ्यापुढे धरला.

दोघांची मिळून एक यादी होती. मावशीच्या नावाशी चिमणीचं चित्र, काकांच्या नावाशी पान्याचं. प्रत्येक गाण्यापुढे दोन बदाम, एक चिमणीखाली, एक पान्याखाली. गाणं आवडलं की ज्याने त्याने आपला बदाम दाबायचा, तो लाल होतो.

यादीतली गाणी मावशीने याच महिन्यात घातलेली होती.

पान्याखालचे सगळे बदाम... लाल होते.

"तूच दाबले असशील."

"माझ्या फोनवरून माझाच लागतो. ह्यांचा ह्यांच्या फोनवरूनच."

तिने कपाटातून स्टीलचा डबा काढला. आत काकांचा फोन होता. शेवटच्या दिवशी खिशात होता तो. मधोमध चिरडलेला, काचेचा भुगा झालेला.

मी ॲपमध्ये शोधलं. काकांच्या नावाने एकही फोन, एकही कॉम्प्युटर जोडलेला नव्हता. नाव तेवढं मावशीने घातलं होतं.

"थांब, दाखवते," ती म्हणाली.

तिने नवीन गाणं घातलं. दोन्ही बदाम पांढरे. तिने बटण दाबलं. गाणं सुरू झालं.

एक सेकंद. दीड...

पान्याखालचा बदाम लाल झाला.

वेताची खुर्ची रिकामी होती. मी दोनदा पाहिलं.

"बघितलंस? रोज ऐकवते. तेवढाच आधार आहे बघ मला." तिचे डोळे भरले होते, पण चेहरा सुखाचा होता.

तिने आणखी एक गाणं लावलं. आणखी एक. दर वेळी तेच.

चौथ्या वेळी माझं लक्ष फोनवर नव्हतं. तिच्या खांद्यावर होतं.

काका एकदा सगळ्यांसमोर सांगून खो खो हसले होते. कंपनी दर वर्षी कानांचा दाखला मागायची. तपासणी मावशीकडेच. "ही खांदा उडवते, मी बटण दाबतो. कान कशाला हवेत?"

आम्हीही हसलो होतो.

"मावशी," मी म्हटलं. "गाणं लावू नकोस. फोन टेबलावर ठेव. नुसता खांदा उचल."

तिला कळलं होतं.

तिने फोन ठेवला. मी यादीत एक नवीन गाणं घातलं, पण लावलं नाही. तिने हात मागे घेतला. खांदा जरासा उचलला.

खोलीत काहीच वाजत नव्हतं. पंख्याचाही आवाज नव्हता...

बदाम लाल झाला.

"आता मी लावते. तू हलू नकोस."

मी नवीन गाणं लावलं. आवाज पूर्ण मोठा केला. शेजारच्या घरातही ऐकू गेलं असेल. मावशी दगडासारखी बसली होती.

एक मिनिट. दोन मिनिटं. चार.

गाणं संपलं.

बदाम पांढराच होता.

मावशीच्या चेहऱ्यावरचं ते सुख हळूहळू कुठे गेलं, ते मी पाहिलं. ते मला पाहायचं नव्हतं.

"मी माझ्या हाताने लिहिलं गं," ती म्हणाली. "‘श्रवण ठीक.’ मला संशय होता. म्हणून आवाज न सोडताच खांदा हलवून बघितला. दिवा लागला. ह्यांनी काचेपलीकडून डोळा मारला. मी हसले... आणि लिहिलं, ठीक. नापास केलं असतं तर नोकरी गेली असती. घरी बसले असते."

तिने स्टीलच्या डब्याचं झाकण लावलं.

"घरी बसले असते."

दाखल्याचं हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. मी तिचा हात धरला.

बऱ्याच वेळाने ती वेताच्या खुर्चीकडे वळली.

"अहो," ती म्हणाली. "तुम्हाला ऐकू येत नव्हतं ना?"

आम्ही दोघींनी फोनकडे पाहिलं. बदाम तसाच पांढरा.

"आत्ताही येत नाहीये. इतके दिवस मी वाजवतेय, आणि तुम्ही नुसते माझ्याकडे बघत बसलाय."

त्या दिवसापासून मी तिच्याकडे जाते, बसते, बोलते. पण तिने कशासाठीही बटण दाबायला हात पुढे केला की मी दुसरीकडे बघते. आणि त्या खुर्चीत मी कधी बसलेले नाही.

त्या दिवशी सहाला दहा मिनिटं होती. फोनवर पुन्हा तोच प्रश्न आला. एकासाठी, की दोघांसाठी?

मावशीने डाव्या हाताने आपला उजवा खांदा धरला. तो हलू नये म्हणून... घट्ट, बोटं पांढरी पडेपर्यंत.

"एकटीचा घे," ती म्हणाली.