बदलीचा हात

पटलं नाही तर सोडून द्या, पण खोटं म्हणू नका. कुंता अजून माजरीलाच राहते आणि तिच्या घरातलं ते स्टूल मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

मे २००५. चंद्रपूरचा एक दवाखाना, नाव घेत नाही. भर दुपारचे दोन वाजले होते.

कुंताचा नवरा मनसाराम बावीस वर्षं कोळशाच्या खाणीत उतरला. धुळीनं फुप्फुसं पार निकामी केली होती, त्यात न्युमोनिया झाला. घशात नळी आणि नळीला रबरी पिशवी. ती कुणीतरी हातानं दाबायची, तेव्हा कुठे त्याला एक श्वास मिळायचा.

फुस... सोडा. फुस... सोडा.

थांबलं की संपलं.

श्वास देणारं यंत्र नव्हतं असं नाही. होतं ना! त्याच वॉर्डाच्या कोपऱ्यात, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं, अकरा दिवसांपासून. नागपूरचा इंजिनिअर येऊन जोडेल, तोवर सील फोडायचं नाही, असा कागद होता. डॉक्टरांनी चार पत्रं लिहिली होती. पाचवं लिहायचा त्यांनाच कंटाळा आला होता.

मनसारामचा धाकटा भाऊ प्रफुल पेपरातलं कात्रण घेऊन आला. मूळ पेशी टोचल्या की खराब फुप्फुस नवं होतं म्हणे. डॉक्टरांनी ते वाचलं, घडी करून परत दिलं. हे सगळं अजून प्रयोगात आहे, म्हणाले, आणि इथं मला साधा इंजिनिअर मिळत नाही.

म्हणून दोन दिवस कुंता आणि प्रफुल, दोघंच पाळीपाळीनं पिशवी दाबत होते.

मनसारामच्या टोळीची खाणीत एक रीत होती. बदलीचा माणूस आला की मागून खांद्यावर हात ठेवायचा. हात पडला की उठायचं, वळून बघायचं नाही. आणि हात पडल्याशिवाय जागा सोडायची नाही.

देवराव हा त्याचा जोडीदार. सात वर्षांपूर्वी तो असाच बदलीची वाट बघत बसला होता. मनसारामची सायकल पंक्चर झाली आणि पंधरा मिनिटं उशीर झाला. तेवढ्यात खाणीचं छत बसलं आणि देवराव त्याखाली गेला. मनसारामनं त्या पंधरा मिनिटांसाठी स्वतःला कधी माफ केलं नाही. घरातसुद्धा तो ती रीत पाळायला लावायचा. पिशवीपाशीही दोघं तीच पाळत होते.

त्या दुपारी प्रफुल नागपूरला फोन लावायला बूथवर गेला.

लाइट गेली. पंखे थांबले. कुंताच्या बोटांत गोळे आले होते, डोळ्यांपुढे अंधारी येत होती. सिस्टर नीलाबाई पलीकडच्या पेशंटमध्ये गुंतल्या होत्या.

आणि खांद्यावर हात पडला...

जड. खरखरीत. आणि थंड.

मे महिन्यात, चंद्रपुरात... थंड.

प्रफुल आला, असं तिला वाटलं. पिशवी तिच्या हातातून दुसऱ्या हातात गेली, तिला ते नीट जाणवलं. ती वळून न बघता उठली आणि तडक स्टोअरच्या खिडकीवर गेली. मनात साठलेलं सगळं तिथं बाहेर पडलं.

"मानूस मेल्यावर ते सील कोनाले दाखवता मंग?"

साहेब जेवायला गेलेत, असं उत्तर मिळालं. ती पाऊण तास उभी राहिली. साहेब आले आणि म्हणाले, अर्ज आणा. तिला रडू आलं, ते रागाचं होतं.

परत येताना जिन्यात प्रफुल भेटला. तो खालून वर येत होता.

"वयनी, तुमी इथी? मंग दादापाशी कोन हाय?"

दोघं धावत सुटले.

वॉर्डाच्या दारातच आवाज आला.

फुस... फुस...

स्टूल रिकामं होतं. पिशवी आपोआप आत जात होती... आणि पुन्हा फुगत होती. कुंतानं झडप घालून ती धरली. रबरावर पाच काळी बोटं उमटलेली होती. कोळशाची.

नीलाबाई म्हणाल्या, तुमचा माणूस होता की बसलेला, पाठमोरा. अंगभर धूळ. हात धुऊन या म्हणून मी रागावलेही.

दोन दिवसांनी इंजिनिअर आला. काम किती मिनिटांचं? दहा! कुंताला त्या दहा मिनिटांची चीड अजून येते.

मनसाराम वाचला. नळी निघाल्यावर त्याचं पहिलं बोलणं असं होतं...

"देवरावले मोकळा कोनं केला?"

कुंताला पिशवीवर घातलेली ती झडप आठवली. तिनं पिशवी घेतली होती. पण बसलेल्याच्या खांद्यावर हात ठेवलाच नव्हता.

मनसाराम घरी आला, त्याला आता बरीच वर्षं झाली. एक्स-रे बघणारा प्रत्येक डॉक्टर विचारतो, हा माणूस श्वास घेतो तरी कसा? कुंता सांगत नाही. त्याच्या खाटेजवळ तिनं औषधांसाठी एक स्टूल ठेवलं होतं. एरवी पंख्याच्या घरघरीत कळत नाही, पण लाइट जाऊन तो थांबला की तिथून आवाज ऐकू येतो.

फुस...

आणि मनसारामची छाती वर येते.

प्रफुलनं तिला एकदा सुनावलंच.

"वयनी, ठेवा न हात. किती दिवस बसवून ठेवता त्याले?"

तिलाही ते कळतं. तिला देवरावची कीव येते आणि स्वतःची लाज वाटते. कितीदा तिनं स्टुलावर, खांदा असेल तिथं, हात नेला आहे. मग मनसारामच्या छातीकडे बघितलं की तो हात तसाच मागे येतो.

मी भेटायला गेलो तेव्हा स्टूल रिकामं होतं, तरी तिनं मला जमिनीवर चटई टाकून दिली. निघताना मी स्टुलाच्या बाजूनं वळलो. तिनं माझं मनगट घट्ट धरलं.

"भाऊ, तिकून नोका जाऊ," ती हळूच म्हणाली. "हात लागन."