गोलकीपर सून

"अहो मास्तर, रेघ वाकडी हाय तुमची!"

आकाशनं मान वर केली. शाळेच्या फुटबॉल सामन्यांसाठी मैदान आखता आखता घमेल्यातली पांढरी फक्की त्याच्या मिशीलाही लागली होती. समोर गोलच्या दोन खांबांमध्ये एक मुलगी उभी होती... हातांत मोजे, दोन्ही कोपरं सोललेली, आणि डोळ्यांत मिश्कील हसू.

"रेघ सरळच हाय. तुम्ही वाकड्या उभ्या असाल."

"मी? भारताच्या गोलमध्ये उभी राहते मी, मास्तर. अकरा सामने झाले!"

एखादा शहाणा इथं गप्प बसला असता. पण आकाश म्हणाला, "मग अडवून दाखवा." त्यानं एकामागून एक चेंडू मारले. पहिले पाच तिनं अडवले. सहावा मात्र तिच्या हाताशेजारून अलगद जाळ्यात गेला.

"हा का सोडला?"

"उद्या परत यावं वाटलं पायजे ना तुम्हाला..."

आणि तो आला. रोज आला! रूपा सुटीवर होती; तिच्या गावाहून, कन्नडहून, जीपनं शहरात सरावाला यायची. महिन्याभरात 'तुम्ही'चं 'तू' झालं. एकदा तिच्या दुखऱ्या बोटांना पट्टी बांधताना आकाश तिचा हात सोडायलाच विसरला... आणि अंगावर येणाऱ्या चेंडूला कधी न भ्यालेली रूपा चक्क लाजली.

मग रीतसर बघायचा कार्यक्रम ठरला. आकाश आईला घेऊन जीपनं कन्नडला आला. जयभीम झाला, पोहे आले. रूपा मुद्दाम अर्ध्या बाह्यांचा कुर्ता घालून आली. लपवायचं काय त्यात? पुढच्या शनिवारपासून भारतीय संघाचं तीन महिन्यांचं शिबिर होतं आणि तिचं नाव यादीत होतं.

आकाशची आई, गीताबाई, तिच्या कोपरांकडं बघत म्हणाल्या, "होतील बरी. लग्नानंतर खेळ बंदच करणार हाय ना? आकाशनं सांगितलं मला. लई समजूतदार पोरगी!"

रूपानं आकाशकडं पाहिलं. वडील, मोतीराम, तिच्याकडं बघतच राहिले. आकाशनं पोह्यांच्या बशीत डोकं घातलं होतं.

"असं म्हणालास तू?"

"आई नाय म्हणाली असती, रूपा... म्हणून..."

"म्हणून माझा खेळ देऊन टाकलास? तुझा होता व्हय तो?"

बारा वर्षं मातीत अंग आपटून तिनं ती जागा मिळवली होती. आणि हा माणूसही तिला मनापासून हवा होता, हेच तर दुखत होतं. ती गीताबाईंकडं वळली.

"मावशी, राग मानू नका. मी खेळ सोडणार नाय. लग्नाआधी नाय, नंतरबी नाय. अन् खोटं बोलून मला मागणारा नवरा... तोबी नको मला."

गीताबाई ताडकन उठल्या. "चल, आकाश!"

आकाश उठला, पण दाराकडं गेला नाही.

"आई, तिनं कधीच तसं म्हटलं नाय. मी खोटं बोललो. तुला भ्यालो. तिनं खेळावं, असंच मला वाटतं."

"अन् लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, मास्तरची बायको देशासाठी खेळती. म्हणू दे की!"

गीताबाई तरातरा बाहेर जीपमध्ये जाऊन बसल्या.

"आईला समजवायला लई दिवस लागतील," आकाश म्हणाला.

"लागू दे. मी तीन महिने नाय इथं."

"एक खरं सांगू, रूपा? ... जीव हाय माझा तुझ्यावर."

मोतीराम उगाच खाकरले. रूपानं वडिलांकडं पाहिलं, मग त्याच्याकडं, आणि आवाज जराही न चोरता म्हणाली,

"माझाबी हाय. अन् शनिवारी मी जाणार."