अकोल्याहून आणलेलं भिंग

“जमादारसाहेब, माह्या घरी चोरी झाली. आन् चोरीले गेलेली चीज माह्या घरातच दिसून राहिली.”

खुशालराव वानखडे बसता बसताच बोलले. अब्दुल गफ्फार यांनी हातातला अडकित्ता खाली ठेवला. निजामाच्या अमलात ते चौकीवर जमादार होते. इंग्रज आले, नोकरी गेली. पण हरवलेला माल आणि फसलेला सौदा घेऊन अमरावतीचे लोक अजून त्यांच्याकडेच येत. शेजारी त्यांचे स्नेही वामन मास्तर होते. मास्तर मूळचे साताऱ्याचे, सरकारी शाळेत शिकवत. प्रत्येक प्रकरणात चुकीच्या माणसावर सर्वांत आधी संशय घेण्याचा मान त्यांचा.

“सुरुवातीपासून सांगा,” गफ्फार म्हणाले.

१८६४ साल होतं. अमेरिकेतल्या लढाईने वऱ्हाडच्या कापसाचं सोनं केलं होतं. कोणी बैलांची शिंगं चांदीने मढवली, कोणी हवेलीवर मजला चढवला. खुशालरावांनी तसबिरी काढायची पेटी घेतली.

“वयनीसाठी,” ते म्हणाले. “माय-बाप पटकीत गेले तवा मी रांगत होतो. दादाबी मागून गेला. मनकर्णावयनीनं मले लहानाचा मोठा केला. ते उद्या काशीले चालली. परत येनार नाई म्हनते. तिचा चेहरा घरात राहावा, एवढंच मनात होतं.”

अकोल्याच्या जुन्या शहरात खुर्शीदबी नावाची विधवा होती. तिचा नवरा साहेबांच्या तसबिरी काढी. त्याची पेटी विकायची आहे, असं कळलं.

“पाहून घेतली का?” गफ्फारांनी विचारलं.

“बाईनंच दाखवली. अंधाऱ्या खोलीत पेटीच्या कातड्याच्या भात्यात दिवा ठेवला, कुठं छिद्र नाई ते पाहा म्हने. भिंगं दोन होती. एक नवंकोरं दिसे, दुसऱ्यावर ओरखडा. मी नव्यावर हात ठेवला. बाई म्हने, ‘ओरखडेवालं घ्या. ओरखडा डोळ्याले दिसते, तसबिरीत येत नाई. नव्याच्या कडा पुसट येतात.’ तिच्या भाच्यानं, रऊफनं, तिथंच माही तसबीर काढून दाखवली.”

खुशालरावांनी रुमालातून काचेवरची तसबीर काढली. मिशीचा केस न् केस दिसत होता.

“तुमी स्वतः पेटीत पाहिलं?” गफ्फारांनी विचारलं.

“पाहिलं ना. मागच्या काचेशी वाकलो तं माहाच फेटा त्यात चमकला. मंग रऊफनं डोक्यावर काळं कापड टाकलं, तवा पुढचं दिसलं. सारं उलटं!”

त्यांनी दुसरी काच पुढे केली. अमरावतीत काढलेली. मनकर्णाबाईंचा चेहरा धुक्यात बुडाल्यासारखा होता.

“अशा कितीक काढल्या. साऱ्या अशाच. रऊफ पेटीसंगं आला, शिकवाले. रस्त्यात त्यानंच भिंग बदललं, तसाच ओरखडा पाडून दुसरं बसवलं. सांजेपर्यंत खरं भिंग नाई निघालं, तं मी त्याले पोलिसात देतो.”

“उघड आहे,” मास्तर म्हणाले. “रऊफच.”

गफ्फार त्या धूसर तसबिरीकडे बघत राहिले. “मास्तर, बाईंच्या मागं भिंतीवर गोधडी वाळत हाय. तिचे टाके पाहा.”

“दिसतात की. अगदी स्पष्ट.”

“चला, खुशालरावच्या घरी.”

दारात अकोल्याहून आलेली बैलगाडी सोडलेली होती. खुशालरावांचा निरोप मिळताच खुर्शीदबी स्वतः आली होती. मांडीवर कापडात गुंडाळलेलं दुसरं भिंग घेऊन ती ओसरीत बसली होती.

“जमादारसाब, हे नवं दिसनारं भिंग. खुशालरावले वाटत असन की मी बदललं, तं हेबी ठेवा. पेटीबी ठेवा. पन माह्या मालकानं उभ्या जन्मात कोनाले फसवलं नाई. त्याच्या मागं त्याचं नाव खराब नका करू.”

“मी सांगतलं ना फूफीले, येऊ नको म्हनून,” रऊफ आत्याकडे बघत म्हणाला. पंचविशीतला तरुण, रडून डोळे सुजलेले.

“बसा, बीबी. रऊफ, भिंग तूच लावलं?”

“होय चाचा. काढलंच नाई. तेच हाय, ओरखडा पाहा.”

ओरखडा होता. त्याभोवतीचं पितळ मात्र झळझळत होतं.

“पितळ तू घासतं?”

“तोबा! फूफा हात लावू देत नोहते. वरचं रोगन उतरते म्हनत. इथं आल्यावर पाहिलं तं असं चमकत होतं. मले वाटलं, खुशालरावनं पुसलं असन.”

“मी नाई,” खुशालराव म्हणाले.

“पेटी कधी एकटी सोडली होती?”

“आलो तो जुम्मा होता. सारी धुळीनं भरलेली. ओसरीत ठेवली अन् नमाजले गेलो. मंग नाई सोडली.”

मास्तरांना पेटीत डोकावायची फार हौस. काळं कापड डोक्यावर घेऊन ते आत डोकावले. “अरे! खुशालराव डोक्यावर उभे! थांबा, डोकं कुठे येतं ते खूण करतो.” त्यांनी शिसपेन्सिल काढून मागच्या काचेवर गोल काढला. गफ्फारांनी काचेच्या चौकटीच्या खाचेत नख फिरवलं. नखाला बारीक करडी राख लागली.

मग ते मागच्या अंगणात गेले. मनकर्णाबाई भांडी घासत होत्या. ताटं, तांबे, समया उन्हात लखलखत होत्या.

“उद्या निघनार, तरी काम चालू हाय, बाई?”

“जाताना घर लख्ख करून जावं, बाप्पा. मागून येनाऱ्यानं नाव नाई ठेवलं पायजे.” त्यांनी पदराने कपाळ पुसलं. “खुशाल काहून उदास हाय, तुमाले ठाऊक हाय का? मले कोनी काई सांगत नाई.”

“कळन,” गफ्फार म्हणाले. “तुमीबी या ओसरीत.”

सगळे बसले. मास्तर उत्सुकतेने पुढे सरकले.

“भिंग बदललंच नाई,” गफ्फारांनी सुरुवात केली. “भिंग खराब असतं तं सारंच पुसट आलं असतं. पन बाईंच्या मागच्या गोधडीचा टाका न् टाका दिसते. म्हंजे भिंग चांगलं हाय, नेम चुकला. चेहऱ्यावर धरला अन् गोधडीवर लागला.”

“मी तं चेहऱ्यावरच धरला, चाचा!” रऊफ कळवळला. “काचेत साफ दिसत होता.”

“खरं हाय तुहं. म्हंजे काचच खोटं सांगून राहिली. ही काच एका बाजूनं गुळगुळीत, दुसऱ्या बाजूनं खरखरीत. चित्र उमटते ते खरखरीत बाजूवर. अकोल्यात खुशालरावले मागून आपला फेटा चमकलेला दिसला. म्हंजे मागं गुळगुळीत बाजू होती, खरखरीत भिंगाकडं. आता मास्तरनं मागूनच पेन्सिलीनं गोल काढला, अन् तो उमटला. गुळगुळीत काचेवर पेन्सिल उमटते का?”

मास्तरांनी आपल्याच गोलाकडे पाहिलं. “काच उलटी बसली आहे!”

“नेम या काचेत पाहून धरतात, मंग हिच्या जागी तसबिरीची काच बसते. ही उलटी, म्हनून तिच्या जाडीएवढा नेम मागं सरकला. तेवढ्यात चेहरा गेला, गोधडी आली.”

“पण उलटी केली कोणी?”

“जुम्म्याच्या दिवशी पेटी ओसरीत एकटी होती. त्यानंतर पितळ चमकलं अन् खाचेत राख राहिली. या घरात राखेनं कोन घासते?” गफ्फारांनी आवाज मऊ केला. “बाई, ही काच तुमी धुतली?”

“धुतली ना,” मनकर्णाबाई सहज म्हणाल्या. “धुळीनं भरली होती. खुशालनं एवढ्या हौसेनं आनली, म्हटलं, जाच्या आधी साफ करून ठेवू. राख लावली, रिठा लावला, मेली धुरकटच राहिली! मंग तशीच बसवली. काहून? बिघडली का?”

“वयनी, सांगतलं काहून नाई?”

“भांडे घासले तं सांगत असते का कोनी? अन् तू मले इचारलं कधी?”

खुशालरावांनी चोरीची गोष्ट तिच्यापासून लपवली होती; निघताना तिचं मन खट्टू नको म्हणून. आता ते उठले आणि रऊफसमोर हात जोडून उभे राहिले.

“माफ कर, भाऊ. बीबी, तुमी मले चांगलं तेच दिलं, अन् मी तुमाले चोर ठरवलं.”

खुर्शीदबीने डोळे पुसले. “भिंगाच्या ओरखड्याचं काई नाई, मालकाच्या नावाले ओरखडा पडला होता. आज निघाला. जमादारसाब, अल्ला तुमचं भलं करो.”

मनकर्णाबाईंना आता सारं कळलं. त्या रऊफजवळ गेल्या, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. “माह्यामुळं भोगलं रे तुनं. आज माह्या हातचं जेवल्याबिगर जाचं नाई. बीबी, तुमीबी.”

रऊफने काच काढली, सुलटी बसवली. उन्हं उतरायच्या आत मनकर्णाबाई गोधडीसमोर बसल्या. तसबीर धुऊन बाहेर आली, तेव्हा त्यांच्या कपाळावरचं गोंदण, ओठाजवळची सुरकुती, सगळं होतं. खुशालराव ती हातात धरून उभेच राहिले.

“आता तू बस,” मनकर्णाबाई म्हणाल्या.

“मी कायले?”

“माहा चेहरा तुह्यापाशी राहिला. मंग काशीत मी कोनाले पाहू? या घरानं मले पोर दिलं, ते का इथंच सोडून जाऊ?”

खुशालराव गोधडीसमोर जाऊन बसले. रऊफने भिंगावरचं टोपण काढलं. हलायचं नव्हतं, डोळे भरून आले, पाणी मिशीपर्यंत ओघळलं, तरी टोपण परत लागेपर्यंत त्यांनी ते पुसलं नाही.