इत्सेलच्या व्हॅनचं पासिंग

टरलॉक गावच्या वाहन नोंदणी ऑफिसबाहेर त्या सकाळी धुकं इतकं दाट होतं, की व्हॅन लावून बसलेल्या इत्सेलला शेजारी कुणी गाडी आणून लावली हे कळलंच नाही. वळून बघते तर काय — हातभर अंतरावरच्या खिडकीतून एक तरुण थेट तिच्या डोळ्यांत बघतोय! तिच्या जपानी व्हॅनचं स्टिअरिंग उजवीकडे, त्याच्या पिकअपचं डावीकडे. दोघं अगदी समोरासमोर.

“चुकीच्या बाजूला बसलात, बाईसाहेब.”

“मी आधी आले. चुकीच्या बाजूला तुम्ही आहात.”

तो हसला. छान हसला, मेला! आणि नेमका तोच तिची गाडी तपासायला आलेला निघाला — दुआर्ते बोर्बा, परवानाधारक तपासनीस.

इत्सेलचं हसू तिथेच विरलं. घोड्यांना नाल ठोकणं हा तिचा धंदा. उत्तरेच्या डोंगरातल्या एका मोठ्या रँचवर उद्यापासून काम मिळालं होतं. अशा कामासाठी ती कधीपासून डोळे लावून बसली होती. पण अवजारं वाहायला गाडी हवी, आणि गाडीचं पासिंग अडलेलं. कॅलिफोर्नियाचा कायदा भारी कडक. बाहेरून आणलेली डिझेल गाडी सत्त्याण्णवपर्यंतची असेल तर ठीक, अठ्ठ्याण्णवची असेल तर नावच काढू नका. जपानी कागदावर पहिली नोंद होती अठ्ठ्याण्णवच्या फेब्रुवारीतली.

“फेब्रुवारीत विकली गेली,” दुआर्ते म्हणाला. “पण बनली कधी?”

“सत्त्याण्णवला. शपथ!”

“शपथ चालत नाही हो. गाडीवर तारीख सापडायला हवी.”

त्याने बॉनेट पाहिलं, दारं पाहिली, काचा पाहिल्या. कुठेच काही नाही. इत्सेल पुढे सरकली.

“लिहून टाका ना सत्त्याण्णव... उद्या डोंगरातल्या रँचवर कामाला जायचंय मला. कोण बघतंय?”

“मी बघतोय ना.”

तिला भयंकर राग आला. आणि हा माणूस आवडलाही, याचा आणखी राग आला.

मग तो मागच्या सीटवर चढला. सीटबेल्ट त्याने पार शेवटपर्यंत ओढला. मुळाशी तारीख छापलेली एक छोटी कापडी पट्टी शिवलेली होती. त्याने ती वाचली... आणि बेल्ट मुठीत धरून नुसताच बसून राहिला.

“काय आहे? बोला की! अठ्ठ्याण्णव ना? सांगून टाका एकदाचं.”

“नोव्हेंबर सत्त्याण्णव,” तो हळूच म्हणाला. “झालं तुमचं पासिंग.”

इत्सेलने दाराचा आधार घेतला.

“मग इतका वेळ तोंड शिवून का बसलात? जीव जायचा राहिला माझा!”

त्याचे कान लाल झाले. “पासिंग झालं की उद्या तुम्ही जाणार... एक क्षण वाटलं, बेल्ट सोडून द्यावा. सर्रकन आत गेला असता. तुम्हाला कळलंही नसतं.”

तिला संताप यायला हवा होता. आला नाही.

“मग सोडला का नाहीत?”

“पुन्हा तुमच्याकडे बघता आलं नसतं.”

लाथाळ घोड्यांना शांत करणारा हात तिने बेल्ट धरलेल्या त्याच्या मुठीवर ठेवला.

“रविवारी मला सुट्टी असते,” ती म्हणाली. “रस्ता लांबचा आहे, वर बर्फही असेल... येशील?”

“शनिवारीच निघतो,” दुआर्ते म्हणाला.