कपाटामागचं पान

पहिल्यांदा तो आवाज आला तेव्हा वाटलं, कुणीतरी माझ्याबरोबरच वाचतंय.

पुस्तकांच्या त्या छोट्या दुकानात दर शनिवारी संध्याकाळी आमचं वाचनमंडळ जमायचं. कादंबरी मी मोठ्याने वाचून दाखवायचे. मी पान उलटलं, की पाठीमागच्या कपाटाआडून तस्संच पान उलटायचं... सळ्ळ. मी थबकले, की तेही थबकायचं. नायिका रडली, तेव्हा तर ते पान किती हळू उलटलं गेलं!

"मावशी, कपाटामागे कोण बसतं?" मी दुकानाच्या मालकीणबाईंना विचारलं.

"कपाटामागे भिंत आहे गं बाई. झुरळसुद्धा अंग चोरून जातं तिथे!"

मी पाहिलं. बोटही आत जाईना. घाबरायला हवं होतं... पण खरं सांगू? शनिवारी मी आरशासमोर जरा जास्तच रेंगाळू लागले होते. इतकं मन लावून मला आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

कादंबरी संपायची संध्याकाळ आली. कपाटाआडून ऐकणारा तो आज समोर आला नाही, तर कधीच येणार नव्हता. शेवटच्या ओळीशी मी थांबले — आणि पुस्तक मिटलं.

"अहो, शेवट?" पहिल्या रांगेतले निवृत्त पोस्टमास्तर कळवळले. "असं भरल्या ताटावरून उठवू नका!"

"ज्याला ठाऊक असेल, त्याने पुढे येऊन सांगावा," मी म्हटलं.

कपाटामागे सामसूम. मागच्या रांगेत मात्र एक खुर्ची सरकली. शेजारचा बुकबाइंडर उभा राहिला. बोटांवर खळ वाळलेली.

"'दार उघडंच होतं, तिनेच आजवर ढकललं नव्हतं,'" तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

सगळे पांगल्यावर मी त्याला गाठलं.

"म्हणजे तुम्हीच! पण भिंतीआडून कसं जमवलंत?"

"भिंतीआडून? मी पहिल्या दिवसापासून त्याच खुर्चीत बसतोय. तुमचे कान मात्र... सारखे कपाटाकडे."

"मग पान कोण उलटायचं?"

"माझ्याकडे पुस्तकच नाही. तुमची प्रत शिवायला आली होती ना, तेव्हा शेवटचं पान सुटलेलं होतं. तेवढं वाचलं." तो अडखळला. "मी... गोष्टीसाठी येतच नव्हतो."

माझे गाल तापले, आणि त्याच क्षणी मानेवरून गार झुळूक गेली.

सळ्ळ.

त्यानेही ऐकलं. "पण... गोष्ट तर संपली," तो कुजबुजला. "आता उलटायला पान उरलंय कुठे?"

मी माझा हात त्याच्या हातात दिला. खळीने खरखरीत झालेला, उबदार हात. कपाटाकडे वळून पाहण्याचा धीर होईना. हळूच म्हणाले, "हो... संपली हं."

मग कपाटामागे एक पुस्तक मिटलं... आवाज होऊ नये म्हणून कुणीतरी जपून मिटावं, तसं.