अर्धा मेळ

रत्नागिरीच्या सागरजीव प्रयोगशाळेत डॉ. केतकी शिरसाट पेलाभर पाण्यावरून समुद्रातल्या माशांची शिरगणती करत असे. मासा पुढे निघून गेला तरी त्याच्या त्वचेचे सूक्ष्म कण पाण्यात राहतात आणि त्यांतल्या जनुकांवरून तो ओळखता येतो. त्या सकाळी मात्र तिच्या टेबलावर पाणी नव्हते. काचेच्या नळीत नुसती हवा होती.

"ही कुठली हवा?" विभागप्रमुख डॉ. फ्रान्सिस डिमेलो यांनी विचारले.

"आपल्या कॅन्टीनची, सर. माणूसही माशासारखाच झडत असतो. श्वासातून, कातडीतून. ही चाळणी ती जनुकधूळ पकडते. काल जेवायला चौसष्ट जण होते. यंत्राने चौसष्टच मोजले."

"नावं सांगतं?"

"नाव नाही सांगत. नातं सांगतं." केतकीने पडद्यावर दोन रंगीत पट्ट्या शेजारी शेजारी आणल्या. "मुलाची अर्धी जनुकं आईची, अर्धी बापाची. भावंडांचा मेळ कुठे बसतो, कुठे तुटतो. पण आईबापाचा मेळ या टोकापासून त्या टोकापर्यंत, प्रत्येक ठिकाणी बरोबर अर्धा. मुलाचा नमुना यंत्रात घालायचा आणि विमानतळावरची हवा त्याला हुंगायला लावायची. आई वगळली की उरतो तो बाप. मग त्याने नाव बदललेलं असो, नाहीतर तोंडवळा."

डिमेलो सरांनी चष्मा काढून पुसला. "अगं केतकी, तू मासे शोधत नाहीयेस."

"नाही, सर. एकच मासा शोधतेय."

तो मासा म्हणजे अमेय घोरपडे, तिचा नवरा, जहाजावरचा इंजिनियर. त्यांची मुलगी जुई जन्मतः बहिरी होती. तिसऱ्या वर्षाच्या आत कानात यंत्र बसवले तर ती इतर मुलांसारखी बोलेल, असे डॉक्टरांनी सांगितले होते. परदेशी नोकरीवर गेलो की पैसे पाठवतो, म्हणून अमेय गेला आणि गेलाच. कोर्टाने पोटगीचा हुकूम दिला. तो हुकूम एका देशात पोचेपर्यंत अमेय दुसऱ्या देशात असे, पुढे तर दुसऱ्या नावानेही. जुईची शस्त्रक्रिया सातव्या वर्षी झाली. तिला ऐकू येऊ लागले, पण शब्द जडच राहिले. शाळेच्या गॅदरिंगमध्ये तिने चार ओळी म्हटल्या आणि मागच्या रांगेतून कुणीतरी तिची नक्कल केली. सभागृह हसले. जुईलाही ते हसू आता ऐकू येत होते. त्या दिवशी केतकीने जुईच्या सगळ्या कागदांवरून बापाचे नाव काढून टाकले आणि चाळणीचे काम हाती घेतले.

पाच वर्षांनी, पोटगी बुडवणाऱ्या आईबापांना अडवण्यासाठी एक्केचाळीस देशांनी अपत्यपोषण करारावर सह्या केल्या आणि त्यांच्या विमानतळांवर केतकीच्या चाळणीचे जनुकवेधक बसले. कराराचा मसुदा ठरवताना तज्ज्ञ म्हणून केतकीला बोलावले होते. एका प्रतिनिधीने विचारले, "अडवलेल्या माणसाची खरीच काही अडचण असली तर? अधिकाऱ्याला थोडी मोकळीक ठेवायला नको?"

"मूल वाढायचं थांबत नाही," केतकी म्हणाली. "कारणं ऐकत बसलात तर दर वेळी नवं कारण येईल. मेळ जुळला की दार बंद. अधिकाऱ्याने ऐकायचंच नाही."

कलम तसेच लिहिले गेले. जुईचा नमुना केतकीने स्वतः जमा केला.

तिसऱ्या महिन्यात लिस्बनच्या विमानतळावर अमेय सापडला. पडद्यावरून सुनावणी झाली. तो जाड झाला होता, पण मान तिरकी धरायची सवय तीच होती.

"केतकी, हप्ते लांबवून दे," तो म्हणाला. "परवाना अडकला तर माझी जहाजावरची नोकरी जाईल. मग फेडू कसा?"

"हाताने."

"माझं इथे घर आहे गं."

"आमचंही होतं."

त्याची जहाजावरची नोकरी गेली. तो किनाऱ्यावर मासळी साफ करण्याच्या शेडमध्ये लागला आणि दुसरी बायको वर्षभरात निघून गेली. बर्फात हात घालून घालून त्याची बोटे वाकडी झाल्याचेही कळले. दर महिन्याला हप्ता जमा झाल्याची सूचना येई, आणि ती केतकी चहासारखी घोट घोट घेत असे.

"जुई कमावती झाली. आता तरी सोड त्याला," निवृत्त झालेले डिमेलो सर एकदा म्हणाले.

"त्याने माफी मागितलीय का, सर?"

"तू सुनावणीला पुन्हा गेलीच नाहीस. मागितली असली तरी तुला कुठून कळणार?"

अकराव्या वर्षी शेवटचा हप्ता आला. करार-कार्यालयाने अमेयला कर्तव्यपूर्तीचा दाखला दिला. केतकीला त्या दिवशी फार रिकामे वाटले.

पुढच्या वर्षी जुई नॉर्वेत पूल बांधणाऱ्या कंपनीत रुजू व्हायला निघाली. वाटेत विमान बदलताना तिचा फोन आला.

"आई, दार उघडत नाहीये." तिचे जड शब्द आणखी जड झाले होते. "वेधक म्हणतोय, मेळ जुळला."

"यंत्राची चूक असेल. तू काही कुणाची आई नाहीस."

अधिकारी बाईंनी फोन घेतला. "चूक नाही, मॅडम. अर्धा मेळ दोन्हीकडून सारखाच असतो. बापाचा नमुना घातला की यंत्र मूल शोधतं. यंदा कराराला पुरवणी जोडली आहे. थकलेल्या आईबापाचा सांभाळ मुलांवर बंधनकारक आहे. श्री. घोरपडे यांनी अर्ज केला आहे."

"त्याने टाकलं होतं तिला! हे ऐकून तरी घ्या!"

"ऐकायची मुभा मला नाही. टाकून गेलेल्या बापाला हा हक्क मिळत नाही, हे खरं. पण त्यांनी पै अन् पै चुकती केल्याचा दाखला आहे. कायद्याच्या दृष्टीने त्यांनी मुलीला टाकलेलंच नाही."

संध्याकाळी अमेयचा फोन आला.

"पैसे हवेत ना तुला?" ती ओरडली. "मी देते. सगळे परत देते!"

"पैसे नकोत." त्याचा आवाज शांत होता. "अर्जात दोन रकाने होते. निर्वाहाचे पैसे, की मुलाने जवळ राहून प्रत्यक्ष सांभाळ. मी दुसऱ्यावर खूण केली. तू मला एक महिना जरी सोडलं असतंस ना केतकी, तर हा दाखला मला मिळाला नसता."

फोन ठेवून तिने जुईला लावला. "जुई, कुठेही सही करू नकोस. मी निघते. त्याचं काही ऐकू नकोस."

"ऐकायचं की नाही, हे इथे मला कुणी विचारत नाहीये, आई," जुई म्हणाली. मागे घोषणा चालली होती. "दार एकाच विमानासाठी उघडलंय. लिस्बनच्या."