पाटीखालची राख

रावजीच्या फटफटीचा दिवा इतका मंद होता, की तो पेटलाय की नाही हे पाहायला कंदील आणावा लागे. रावजी सोलापुरात भवानी पेठेतल्या एका दवाखान्यात कंपाउंडर. डॉक्टरांनी आपली जुनी फटफटी त्याला बक्षीस दिली होती, म्हणजे दुरुस्ती त्याच्या गळ्यात बांधली होती. दिवा जुना, कार्बाइडच्या गॅसवर जळणारा; विजेचा नवा परवडणारा नव्हता. पण दोष कार्बाइडचा नव्हे, ज्योतीमागच्या काळवंडलेल्या चांदीच्या वाटीचा, हे त्याला ठाऊक होतं. बारीक राखेने घासली की काम फुकटात होणार होतं. येत्या रविवारी घासू, असं तो सहा महिने म्हणत होता.

रविवार आला नाही. आला तो मेहुणा धुळा, वळसंगाहून तट्टावर बसून, दिवस मावळताना. रावजीची बायको सोजरबाई तिथेच माहेरी बाळंतपणाला गेली होती. त्याच दुपारी रावजीच्या घरीच राहणाऱ्या चुलत्याला, कोंडीबांना, स्मशानात पोचवून मंडळी परतली होती.

"दाजी, सोजराक्का कालधरनं अडलीया. सुईण म्हनती, आज रातीत औषद आलं तर..."

डॉक्टरांनी बाटली दिली. रावजी म्हणाला, "चल, माझ्या मागं बस."

"नगं. गेल्या म्हैन्यात वड्यात गेला हुतासा की. माझ्या तट्टाला अंधारात दिसतंय तरी."

खरंच होतं. पण थकलेल्या तट्टाला पोचायला उजाडलं असतं. सात-आठ कोसांची वाट, वर अवसेची रात्र. वाटी आत्ताच घासायला हवी होती. पण मयताच्या घरी चूल पेटत नाही. जुनी राख टाकून बायकांनी चूल सारवून ठेवली होती. घरात राख एकाच जागी होती. माजघरात, कोंडीबांनी जीव सोडला तिथे, वस्त्रगाळ राख पसरून, शेजारी पणती लावून, वर पाटी पालथी घातली होती. सकाळी पाटी उचलली की राखेत पाऊल दिसतं, आणि जीव कोणत्या जन्माला गेला ते कळतं.

रंभाकाकी भिंतीला टेकून पेंगत होती. कोंडीबा उंबऱ्याशी दोनदा खाकरत, आणि काकी पदर ओढून उभी राहत असे. चाळीस वर्षांचा संसार बहुतेक एवढ्यावरच झाला होता. आता ते कुठं गेले, एवढंच तिला कळायला हवं होतं.

रावजी असलं काही मानत नसे. तीन वर्षं औषधाच्या बाटल्या धुतल्या की माणूस बरंच काही मानेनासा होतो. त्याने पाटी उचलली. राखेत काहीतरी उमटलं होतं. तिकडे नीट न बघता त्याने मूठ भरली, आणि उरलेली राख तळहाताने सारखी केली.

वाटी आरशासारखी लखलखली.

जकात नाका मागे पडला, तट्टावरचा धुळा त्याच्याही मागे. प्रकाशाचा पट्टा सरळ दूरवर पडत होता, कार्बाइडचा लसणासारखा वास नाकात बसला होता. रावजी स्वतःवर खूश होता. मग त्याला धुळीतली पावलं दिसली.

अनवाणी पावलं. पुढे पुढे जाणारी. माणूस कुठेच नव्हता. प्रत्येक डाव्या पावलाला करंगळी नव्हती... कोंडीबांची डावी करंगळी तरुणपणी गिरणीत गेली होती.

त्याने फटफटी थांबवली. पावलंही थांबली. तो बघत असतानाच, पुढची धूळ हळूच दबली. आणखी एक पाऊल.

त्याने दिवा विझवला. काळोख. आणि त्या काळोखात, अगदी जवळ, कुणीतरी खाकरलं... दोनदा.

परत फिरायची सोय नव्हती. बाटली खिशात होती. पाच काड्या फुकट घालवून त्याने दिवा पुन्हा लावला आणि पावलांमागून निघाला. ती वळसंगात शिरली, ओळखीच्या बोळाला वळली, सासऱ्याच्या दारात गेली आणि उंबरा ओलांडून आत गेली. त्याच क्षणी आतून पोर रडलं.

केराबाई सुईण घाम पुसत बाहेर आली. "बाटली ऱ्हाऊ द्या आता. दोगंबी बरी हायती. कुनी दार ढकलल्यागत झालं बगा, अन् सुटली की! पोरगा हाय. फकस्त..."

फक्त डाव्या पायाला चारच बोटं होती.

दीड महिन्याने सोजरबाई लेकराला घेऊन सोलापूरला आली. रावजीने त्याला आधीच पायमोजे घालायला लावले होते. मयताच्या दुसऱ्या सकाळी पाटीखाली कोरी राख पाहिल्यापासून रंभाकाकी घरात फारशी बोलत नव्हती. "कुटंच गेलं न्हाईत रं," एवढंच एकदा म्हणाली होती. आताही ती पाळण्याकडे पाठ करून तांदूळ निवडत बसली होती.

पाळण्यातून कुणीतरी खाकरलं. दोनदा.

काकीच्या हातातलं सूप खाली पडलं. मागे वळून न बघता तिने पदर नाकापर्यंत ओढला, उठली, आणि पाय धुवायला पाण्याचा तांब्या भरून पाळण्यापाशी ठेवला.

पोर रावजीकडे, राख सारखी करणाऱ्या त्याच्या हाताकडे, टक लावून बघत होतं. बोलायला लागायला त्याला अजून वर्ष तरी होतं.